ईल्सने घन पदार्थातली इलेक्ट्रॉनिक उत्तेजनं मोजताना: नमुन्यापासून आकड्यापर्यंतचा क्रम

झिंक ऑक्साइडचा बँडगॅप, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन-पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर, ३.३ ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन व्होल्टच्या) आसपास असतो. तरीही ईल्सच्या (इलेक्ट्रॉन एनर्जी लॉस स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे नमुन्यातून जाताना इलेक्ट्रॉनने किती ऊर्जा गमावली ते मोजण्याचं तंत्र) आलेखावरून तो २.६ किंवा २.८ काढायचा आणि खाली "दोषांमुळे बँडगॅप कमी झाला" असं लिहून मोकळं व्हायचं, हा प्रकार प्रबंधांत वारंवार दिसतो. यवतमाळ, वाशीम, भंडारा, गडचिरोलीकडच्या महाविद्यालयांत मफल फर्नेसवर (विजेच्या बंद भट्टीवर) उत्तम पावडर तयार होते, मुलं मेहनत घेतात, दूरच्या केंद्रात जाऊन एका दिवसाचा स्लॉट मिळवतात, आणि शेवटी चुकीचा आकडा घेऊन परत येतात. दोष बहुतेक वेळा पावडरचा नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो.

ईल्सची खरी अडचण ही आहे की कुठलाही टप्पा गाळला तरी शेवटी आकडा मिळतोच. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, आलेखही छान गुळगुळीत येतो. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यानंतर एक पडताळा दिला आहे. तो जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

यंत्रात काय घडतं ते एका वाक्यात: खळ्यावर उफणताना वारा जसा दाणा आणि भुसा वेगळा पाडतो, तसं स्पेक्ट्रोमीटरमधलं चुंबकीय क्षेत्र नमुन्यातून पार झालेले इलेक्ट्रॉन त्यांच्या उरलेल्या ऊर्जेप्रमाणे वेगळे पाडतं, ज्याने नमुन्यात जास्त ऊर्जा गमावली तो जास्त वळतो. बाकी सगळं काम त्या वेगळ्या पडलेल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद नीट करण्याचं आहे.

टप्पा १: प्रश्न आधी ठरवा

"ईल्स करून पाहू" हा प्रश्न नव्हे. काय पाहायचं आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

शून्य ते साधारण ५ ईव्हीमध्ये बँडगॅप आणि बँडमधल्या उड्या (इलेक्ट्रॉनचं एका ऊर्जा-पट्ट्यातून दुसऱ्यात जाणं) दिसतात. ५ ते ५० ईव्हीमध्ये प्लाझ्मॉन असतो, म्हणजे सगळ्या संयुजा इलेक्ट्रॉनांची एकत्र आंदोलनं: ॲल्युमिनियममध्ये १५ ईव्हीला, सिलिकॉनमध्ये १६.७ ला, हिऱ्यात ३३-३४ च्या आसपास. ५० ईव्हीच्या पुढचा भाग कोअर-लॉसचा. तिथे आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन रिकाम्या अवस्थेत जातो. कार्बनची कड, म्हणजे जिथे आलेख अचानक चढतो ती जागा, २८४ ला येते, ऑक्सिजनची ५३२ ला, मँगनीजच्या दोन रेषा ६४० आणि ६५१ च्या जवळ.

तुम्हाला फक्त पावडरचा सरासरी बँडगॅप हवा असेल तर यूव्ही-व्हिजिबलचं डिफ्यूज रिफ्लेक्टन्स मोजमाप (पावडरवरून विखरून परतलेला प्रकाश मोजणं) करा. ते स्वस्त आहे, जवळ मिळतं आणि त्या कामासाठी जास्त अचूकही आहे. ईल्सकडे जायचं कारण जागेचं असतं: एकाच कणाच्या गाभ्यात आणि कवचात फरक आहे का, दोन पदार्थांच्या सीमेवर काय होतं, एका दाण्यात प्लाझ्मॉन सरकला का. असा प्रश्न नसेल तर स्लॉटचे पैसे वाचवा.

*पडताळा:* "मला अमुक पदार्थाच्या अमुक भागात, इतक्या ईव्हीच्या आसपास, इतक्या ईव्हीचा फरक पाहायचा आहे" हे वाक्य वहीत लिहिता आलं पाहिजे.

टप्पा २: स्लॉट घेण्याआधी विचारायच्या गोष्टी

कुठे कोणतं यंत्र आहे हे भारत सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. पण यादीत "टेम, ईल्ससह" एवढं वाचून पैसे भरू नका (टेम म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप). आधी ऑपरेटरला पत्र किंवा ईमेल लिहून चार गोष्टी विचारा.

पहिली, इलेक्ट्रॉन गन (इलेक्ट्रॉनांचा स्रोत) कोणती. शॉटकी गनची ऊर्जा-रुंदी साधारण ०.७ ते १ ईव्ही असते, कोल्ड फील्ड एमिशनची ०.३ ते ०.४, आणि मोनोक्रोमेटर (ही रुंदी कमी करणारी जोडणी) असेल तर ०.१ च्या खाली जाता येतं. टंगस्टन फिलामेंटवर बँडगॅप मोजायचा विचारच सोडा. प्लाझ्मॉनचं ठिकाण तेवढं ठीक दिसेल.

दुसरी, ६० किंवा ८० केव्हीवर (किलोव्होल्टवर) काम करता येतं का. याचं कारण नीट समजून घ्या, कारण २.६ ईव्हीवाल्या चुकांमागे बऱ्याचदा हेच असतं. पदार्थातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा इलेक्ट्रॉन वेगाने गेला तर चेरेन्कोव्ह विकिरण होतं आणि त्यात गेलेली ऊर्जा बँडगॅपच्या आतच खोटी तीव्रता बनून दिसते. ३०० केव्हीला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ०.७८ पट वेगाने जातो, म्हणजे अपवर्तनांक १.२९ च्या वर असला की त्रास सुरू. २०० केव्हीला ही मर्यादा १.४४, ८० ला जवळपास २, आणि ६० ला २.२४. झिंक ऑक्साइडचा दृश्य प्रकाशातला अपवर्तनांक २ च्या जवळ आहे, त्यामुळे २०० वर धोका नक्की आणि ६० वर बराच कमी. टायटॅनियम डायऑक्साइडचा २.५ च्या आसपास किंवा वर, म्हणून तिथे ६० केव्हीसुद्धा पूर्ण सुरक्षित नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या तुसाच्या राखेतून काढतात त्या सिलिकाचा १.४६ च्या जवळ. तिला ८० पुरे, पण ती बीमखाली लवकर खराब होते.

तिसरी, लो-लॉस (५० ईव्हीपर्यंतचा भाग) आणि कोअर-लॉस एकाच वेळी घेणारी ड्युअल ईल्सची सोय आहे का. चौथी, कच्च्या फाइली मिळतील का.

*सावध:* व्होल्टेज बदलल्यावर यंत्र स्थिर व्हायला वेळ लागतो. सकाळी पोचून "साहेब, साठवर करता का?" असं विचारलं तर उत्तर नाहीच येणार, आणि ते योग्यच असतं. ही मागणी स्लॉट ठरवतानाच लेखी करा.

टप्पा ३: पावडर आणि ग्रिड (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

निकाल बिघडतो तो बहुतेक इथेच, आणि हे काम पूर्णपणे तुमच्या हातातलं आहे.

*धुणं.* पावडर धुताना बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या भूजलात क्षार भरपूर, आणि ते कणांवर बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं म्हणून दुकानात मिळतं त्या पाण्यावरही विसंबू नका. महाविद्यालयातल्या डिस्टिलेशनचं ताजं पाणी आणि शेवटी शुद्ध इथेनॉल वापरा. पीव्हीपी (एक पॉलिमर) किंवा सायट्रेट वापरून कण बनवले असतील तर जास्त वेळा धुवा. हे सेंद्रिय अवशेष बीमखाली कार्बनचा थर होऊन वाढतात आणि स्पेक्ट्रममध्ये ५-६ आणि २४ ईव्हीच्या आसपास स्वतःचे उंचवटे टाकतात.

*भाजणं.* मफल फर्नेस ५०० अंशांवर असताना लाइट गेली आणि दोन तासांनी आली, तर ती बॅच ईल्ससाठी बाजूला ठेवा. अर्धवट जळालेले अवशेष एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) दिसत नाहीत, इलेक्ट्रॉन बीमखाली मात्र लगेच दिसतात. गावाकडे भारनियमनाचं वेळापत्रक पाहून फर्नेस लावणं हा प्रयोगाचाच भाग आहे. तापमान कधी तुटलं याची वेळ वहीत नोंदवा.

*ग्रिड.* ग्रिड म्हणजे टेममध्ये नमुना धरणारी बारीक जाळी. लेसी (जाळीदार) कार्बन किंवा छिद्रांची कार्बन ग्रिड घ्या, अखंड कार्बन फिल्मची नको. मोजायचा कण छिद्रावर लटकलेला असला पाहिजे. खाली कार्बन असेल तर त्याचा प्लाझ्मॉन तुमच्या स्पेक्ट्रममध्ये मिसळणार, आणि नंतर तो वेगळा काढण्याची स्वच्छ पद्धत नाही.

चिमूटभराहून कमी पावडर इथेनॉलमध्ये टाका, सोनिकेटरमध्ये हलवा, जड गुठळ्या खाली बसू द्या आणि वरचं जवळजवळ स्वच्छ दिसणारं द्रव घ्या. एक लहान थेंब. ग्रिड चिमट्याने कडेलाच धरा. फिल्टर पेपरवर ठेवून थेंब टाकला तर थेंब कागदच पिऊन टाकतो. चिमट्यात धरूनच टाका आणि झाकलेल्या पेट्री डिशमध्ये सुकू द्या.

*जाडी.* कण जाड असेल तर एकच इलेक्ट्रॉन दोन-तीनदा ऊर्जा गमावतो आणि सगळं मिसळतं. फार लहान असेल तर पृष्ठभागाची उत्तेजनं वरचढ होतात आणि आतल्या पदार्थाचं काही सांगता येत नाही. ६० केव्हीला इलेक्ट्रॉनचा मुक्तपथ (ऊर्जा गमावण्याच्या दोन प्रसंगांमधलं सरासरी अंतर) २०० केव्हीच्या जवळपास निम्मा होतो, म्हणजे व्होल्टेज उतरवलं की नमुनाही पातळ लागतो. ऑक्साइडसाठी ६० वर २० ते ४० नॅनोमीटरचा सुटा कण सोयीचा. मोठा कण असेल तर त्याची पातळ कड शोधा.

*ने-आण.* डिसेंबर ते मार्च जिनिंगचा हंगाम असतो आणि कापसाचा तंतू हवेत सगळीकडे असतो. ग्रिड उघड्यावर करू नका. पावसाळ्यात पावडर ओलावा धरते. ग्रिडची डबी सिलिका जेलसोबत बंद काचेच्या बाटलीत ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा चिकटपट्टीला लावून नेऊ नका, त्यातले सेंद्रिय पदार्थ ग्रिडवर येतात. मे महिन्यात विदर्भ एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यातून जाणार असाल तर बाटली खिडकीजवळच्या पिशवीत नको, सामानाच्या मध्यभागी ठेवा.

*पडताळा:* ग्रिड उजेडात तिरकी धरून पाहा. नुसत्या डोळ्यांना पांढरा डाग दिसला तर पावडर जास्त झाली. नवीन ग्रिड करा. कमी, मध्यम आणि थोडी जास्त अशा वेगवेगळ्या दाटीच्या ग्रिड सोबत न्या. साधा टेम जवळच्या विद्यापीठात मिळत असेल तर चित्र आधी काढून घ्या. ईल्सच्या स्लॉटमध्ये कण शोधत बसणं परवडत नाही.

टप्पा ४: यंत्रावरचा क्रम

यंत्र ऑपरेटर चालवेल. तुमचं काम क्रम पाळला जातो हे पाहण्याचं. खालची यादी छापून सोबत ठेवा. नव्या मुलांना तिथे बोलायला संकोच वाटतो. पण नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला चांगले ऑपरेटर उत्तर देतात, आणि तयारीने आलेला विद्यार्थी त्यांनाही आवडतो.

१. डार्क आणि गेन रेफरन्स (कॅमेऱ्याची स्वतःची पार्श्वभूमी आणि पिक्सेलमधला फरक यांच्या नोंदी) ताजे घ्यायला सांगा.

२. बीम पोकळीतून, म्हणजे ग्रिडच्या छिद्रातून जाऊ द्या आणि स्पेक्ट्रोमीटर फोकस करा. झिरो-लॉस पीकची (ऊर्जा न गमावलेल्या इलेक्ट्रॉनांच्या शिखराची) अर्ध्या उंचीवरची रुंदी वहीत लिहा. यापेक्षा बारीक काहीही तुम्हाला दिसणार नाही.

३. डिस्पर्शन (एका चॅनेलला किती ईव्ही) ठरवा. २०४८ चॅनेलच्या कॅमेऱ्यावर ०.०५ ईव्ही प्रति चॅनेल घेतलं तर सुमारे १०२ ईव्हीचा पट्टा मिळतो, ०.०२५ घेतलं तर ५१ चा. प्लाझ्मॉन आणि क्रेमर्स-क्रोनिग विश्लेषण (हानीच्या आलेखावरून पदार्थाचे प्रकाशीय गुणधर्म काढणं) करायचं असेल तर पट्टा रुंद हवा.

४. कन्व्हर्जन्स आणि कलेक्शन कोन (बीम नमुन्यावर एकवटण्याचा आणि स्पेक्ट्रोमीटर गोळा करतो तो) विचारून लिहून घ्या. हे दोन आकडे नंतर कुठेच मिळत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय जाडीही निघत नाही आणि परावैद्युत फलनही (पदार्थ विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते सांगणारं फलन).

५. कण निवडा आणि प्रबळ विवर्तनाच्या दिशेपासून थोडा तिरका करा. झोन ॲक्सिसवर (बीम स्फटिकाच्या मुख्य दिशेला समांतर असताना) सुंदर चित्र येतं, पण जाडीचा हिशेब बिघडतो.

६. आधी जाडी मोजा. जाडी भागिले मुक्तपथ हा आकडा म्हणजे एकूण तीव्रता भागिले झिरो-लॉसची तीव्रता, याचं नैसर्गिक लॉगॅरिदम. ०.३ ते ०.५ आला तर उत्तम. १ च्या वर गेला तर ती जागा सोडा, कितीही छान दिसली तरी.

७. लो-लॉस घ्या, झिरो-लॉस पीक पट्ट्यात ठेवूनच. एक लांब एक्स्पोजर घेण्याऐवजी पुष्कळ छोटे घ्या, झिरो-लॉस कुठेही संपृक्त होऊ न देता.

८. लगेच पोकळीतला झिरो-लॉस पुन्हा घ्या, त्याच सेटिंगवर, तेवढ्याच एक्स्पोजरने. हा टप्पा घाईत सगळ्यात जास्त वेळा राहतो, आणि बँडगॅप तर याच्यावरच उभा असतो.

९. कोअर-लॉस हवा असेल तर तो शेवटी, कारण त्याला इलेक्ट्रॉनांची मात्रा जास्त लागते.

१०. त्याच जागेचा लो-लॉस परत घ्या आणि पहिल्याशी ताडून पाहा.

*सावध:* तुमसरजवळच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड आपल्याकडे बरेच जण अभ्यासतात. ते बीमखाली सहज क्षपित होतं, म्हणजे ऑक्सिजन गमावतं. मँगनीजची पहिली रेषा दुसरीच्या तुलनेत वाढत गेली आणि कमी ऊर्जेकडे सरकली, तर तुम्ही खनिज मोजत नसून बीमने केलेला बदल मोजताय. मात्रा कमी करा, प्रत्येक वेळी नवी जागा घ्या.

*पडताळा:* पहिला आणि शेवटचा लो-लॉस एकमेकांवर ठेवल्यावर जुळतात का? कणाचं आधीचं आणि नंतरचं चित्र सारखं आहे का? २४ ईव्हीजवळ नवीन उंचवटा आला असेल तर कार्बन साचतोय.

टप्पा ५: निघण्याआधी

कच्च्या फाइली, म्हणजे डीएम३ किंवा डीएम४, पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिथल्या तिथे उघडून पाहा. पोकळीतल्या झिरो-लॉसची फाइल त्यात आहे ना, हे नावानिशी बघा. जेपीजी चित्र किंवा नुसत्या एक्सेलच्या दोन रकान्यांवर विश्लेषण होत नाही. परत यायला रेल्वेचं तिकीट आणि नवा स्लॉट दोन्ही लागतात.

टप्पा ६: विश्लेषण, याच क्रमाने

डिजिटल मायक्रोग्राफ (ईल्सच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) नसेल तरी अडत नाही. पायथनवर चालणारं हायपरस्पाय मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. ईल्सचा भाग आता एक्सस्पाय या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे, तोही सोबत टाका.

*स्वच्छता आणि जुळवणी.* प्रत्येक छोट्या फ्रेममधले क्ष-किरणांचे सुळके काढा, प्रत्येक फ्रेम तिच्या झिरो-लॉसवर सरकवा, आणि मगच बेरीज करा. आधी बेरीज केली तर व्होल्टेजच्या हलण्याने पीक रुंद होतं आणि ते परत बारीक होत नाही. पट्ट्याचं माप तपासायला सिलिकॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा प्लाझ्मॉन त्याच दिवशी घेतलेला असेल तर सोन्याहून पिवळं.

*झिरो-लॉस वजा करणं.* तीन मार्ग आहेत: पोकळीतला पीक मोजून-जुळवून वजा करणं, पीकची डावी बाजू उलटून उजवीकडे वापरणं, किंवा शेपटीला घातांकी वक्र बसवणं. उलटण्याचा मार्ग कोल्ड फील्ड एमिशनवर फसवतो, कारण तिथे पीक सममित नसतो आणि हानीच्या बाजूची शेपूट लांब असते; उरलेली शेपूट बँडगॅपमध्ये तीव्रता म्हणून दिसते. पोकळीतला पीक पहिली पसंती. पण दुसऱ्या एका मार्गानेही करा, आणि दोन उत्तरांतला फरक ही तुमची अनिश्चितता म्हणून लिहा.

*अनेकवार विखुरणं काढणं.* फूरिये-लॉग पद्धत लावा. दुप्पट ऊर्जेवरचा प्लाझ्मॉनचा दुसरा पीक नाहीसा झाला पाहिजे. झिंक ऑक्साइडचा मुख्य प्लाझ्मॉन १८-१९ ईव्हीला, म्हणजे ३७ च्या आसपास पाहा. कोअर-लॉससाठी फूरिये-रेशो वापरा. नाहीतर कडेच्या पुढे २० ईव्हीवर दिसणारा उंचवटा नवी अवस्था समजून बसाल.

*बँडगॅप वाचणं.* थेट बँडगॅप असेल तर सुरुवात वर्गमुळाप्रमाणे चढते, अप्रत्यक्ष असेल तर दीड घाताने. कोणता वक्र बसवायचा हे पदार्थ पाहून ठरवा. जो जास्त छान बसतो तो घेऊ नका. वक्र बसवण्याची खिडकी अर्धा ईव्ही पुढे-मागे करा. उत्तर किती हलतं ते पाहा आणि तेही लिहा. यूव्ही-व्हिजिबलच्या टाउक आलेखावरची (शोषणावरून बँडगॅप काढायची) सवय इथे जशीच्या तशी लावू नका. ईल्समध्ये मोजलेली गोष्ट शोषण-गुणांक नाही.

*क्रेमर्स-क्रोनिग.* ईल्स परावैद्युत फलनाच्या व्यस्ताचा काल्पनिक भाग उणे चिन्हाने देतं. त्यावरून दोन्ही भाग काढायचे. मापासाठी अपवर्तनांक लागतो. एक वजा, एक भागिले अपवर्तनांकाचा वर्ग, एवढी किंमत समाकलनाला मिळाली पाहिजे. झिंक ऑक्साइडसाठी ती सुमारे ०.७५. धातूसाठी ती १ धरतात.

आता सगळ्यात खोलवर रुजलेली चूक. हानीच्या आलेखातला प्रत्येक पीक म्हणजे एक बँडमधली उडी, असं मानून तक्ता भरला जातो. तसं नाही. उडीची ऊर्जा परावैद्युत फलनाच्या काल्पनिक भागात वाचायची. हानीच्या आलेखात तीच गोष्ट थोड्या जास्त ऊर्जेला दिसते. आणि एखादा पीक प्लाझ्मॉन आहे हे तेव्हाच म्हणायचं, जेव्हा तिथे वास्तव भाग शून्याला खालून वर ओलांडतो आणि काल्पनिक भाग लहान असतो. पुष्कळ खऱ्या पदार्थांत हे पूर्ण जुळत नाही. तेव्हा "प्लाझ्मॉनसदृश" लिहा, जबरदस्तीने नाव देऊ नका.

*पडताळा:* क्रेमर्स-क्रोनिगमधून निघालेली जाडी आणि टप्पा ४ मधली जाडी जवळपास सारखी आहे का? वास्तव भाग कमी ऊर्जेला अपवर्तनांकाच्या वर्गाकडे, इथे ४ कडे, जातो का? बँडगॅपच्या आत काल्पनिक भाग शून्याजवळ आहे का? यातलं एक जरी जुळलं नाही तर आधीच्या टप्प्यावर परत जा, बहुतेक वेळा झिरो-लॉसच्या वजाबाकीवर.

टप्पा ७: लिहिताना

प्रबंधात व्होल्टेज, गनचा प्रकार, झिरो-लॉसची रुंदी, दोन्ही कोन, डिस्पर्शन, एक्स्पोजर, फ्रेमची संख्या, जाडी भागिले मुक्तपथ, झिरो-लॉस वजा करायची पद्धत आणि वक्राची खिडकी, एवढं हवंच. झिरो-लॉसची रुंदी ०.८ ईव्ही असताना ३.२७ ईव्ही असा दोन दशांशांचा बँडगॅप लिहू नका. ३.३ लिहा, पुढे अनिश्चितता द्या. यूव्ही-व्हिजिबलचा आकडा वेगळा आला तर तो लपवू नका, शेजारी ठेवा. आणि बँडगॅप अपेक्षेपेक्षा कमी आला तर "दोष" हा शब्द लिहिण्याआधी चेरेन्कोव्ह, झिरो-लॉसची शेपूट, पृष्ठभागाची उत्तेजनं आणि कार्बनचा थर, ही चार कारणं एकेक करून कशी वगळली ते लिहा. वगळता आली नाहीत तर त्या नमुन्याचा बँडगॅप तक्त्यात टाकू नका. प्लाझ्मॉनचं ठिकाण टाका, ते बहुतेक वेळा तरीही विश्वासाचं असतं.